फेकलेले ठोके

कर्कटकबाई पहिल्यांदा आमच्या ऑफिसात आल्या त्या भांडायलाच, आणि मीही त्यांच्याशी चांगली कडाकडा भांडले. हे आधीच सांगून टाकते. कारण आता लोक मला वेळेवर जागी झालेली इंजिनिअर म्हणतात, आणि ते ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. मी कसली जागी होतेय! बाईंनी मला गदागदा हलवून उठवलं, तेही चौथ्या खेपेला.

त्या दुपारी त्यांच्या अंगावर हॉस्पिटलचा फिकट निळा कोट होता, पायात रबरी चपला आणि खिशात शाळेच्या कंपासपेटीतलं कर्कटक. दोन टोकांचं, अंतर मोजायचं. एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळमजल्यावर हृदयाचे आलेख काढायची खोली आहे, तिथे त्या सत्तावीस वर्षं काम करत होत्या. कागदाच्या गुंडाळ्या गेल्या, संगणकाचे पडदे आले, पण दोन ठोक्यांमधलं अंतर स्वतःच्या हातानं मोजल्याशिवाय बाई कुठल्याही अहवालाखाली सही करत नसत. नवे डॉक्टर पहिले काही दिवस हसायचे आणि पाठीमागे त्यांना नुसतं 'कर्कटक' म्हणायचे. मग एखाद्या दिवशी बाई त्यांची एखादी घोडचूक पकडायच्या, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या नावाला 'बाई' लागायचं.

"हे कोणाचं काम आहे?" त्यांनी माझ्या टेबलावर एक कागद आपटला. आमचाच अहवाल होता. वर मोठा हिरवा गोल, आत ब्याण्णव.

"माझं," मी म्हटलं. जरा तोऱ्यातच म्हटलं.

आमचं काम थोडक्यात सांगते. निरोगी हृदयाचे ठोके अगदी एकसारख्या अंतरानं पडत नाहीत. श्वास आत घेतला की अंतर जरा कमी होतं, सोडला की वाढतं. एक ठोका आठशे वीस मिलिसेकंदांनी पडतो, पुढचा आठशे पंचेचाळीसनं, त्यापुढचा आठशे दहानं. माणूस ताजातवाना असला की हा चढउतार छान दिसतो, थकला किंवा ताणात असला की अंतरं सपाट होत जातात. छातीला पट्टा बांधायचा, पाच मिनिटं हृदयाचा सिग्नल नोंदवायचा, त्यातून ठोके शोधायचे, शेजारशेजारच्या अंतरांमधला फरक काढायचा, चढउतारात श्वासाची लाट किती आणि बाकीच्या लाटा किती हे वेगळं करायचं आणि शेवटी शंभरपैकी एक आकडा द्यायचा. याला सिग्नल प्रोसेसिंग म्हणतात, आणि मला त्याचा भारी अभिमान होता. बस चालवणाऱ्या एका संस्थेनं आमची यंत्रणा घेतली होती. ड्यूटीवर जाण्याआधी प्रत्येक ड्रायव्हर डेपोतल्या तिकीट खिडकीमागच्या खोलीत पाच मिनिटं पट्टा बांधून बसायचा. हिरवा गोल आला की लांबचा मार्ग, पिवळा आला की जवळचा, लाल आला की बस मिळणार नाही.

"हा माझ्या दादाचा कागद," बाई म्हणाल्या. "अठ्ठावन्न वर्षांचा माणूस. दोन जिने चढला की कठडा धरून उभा राहतो. आणि तुझा कागद म्हणतो, उत्तम! ब्याण्णव! पंचविशीतल्या पोरालासुद्धा एवढे मिळत नसतील."

"मग चांगलंच आहे की."

"चांगलं? तीन आठवड्यांपूर्वी मी त्याचं मनगट धरलं होतं. नाडी कुठे पळतेय, कुठे अडखळतेय, कशाला काही धरबंदच नव्हता. तशीच ओढत घेऊन गेले त्याला माझ्या खोलीत. जाईपर्यंत सगळं शांत. आलेख ठीक. चोवीस तासांचं यंत्र लावलं, त्यातही काही नाही. आमचे डॉक्टर म्हणतात, बाई, घरचं माणूस आहे म्हणून तुम्ही बाऊ करताय."

"डॉक्टर म्हणतायत तर..."

"डॉक्टरांना राहू दे. हे दुखणं येतं आणि जातं. पकडायचं तर रोज कोणीतरी मोजायला हवं. आणि त्याला रोज मोजणारं दुसरं कोण आहे? तुम्हीच. मला गेल्या तीन महिन्यांच्या मूळ नोंदी दाखव. आकडे नकोत. आलेख."

मी नाही म्हटलं. नोंदी खाजगी असतात, ज्याच्या त्याच्या संमतीशिवाय दाखवता येत नाहीत, आणि तो नियम योग्यच आहे. पण मी तेवढ्यावर थांबले नाही. वर शहाणपणाही केला. "आणि बाई, राग मानू नका, पण बोटांची चूक होऊ शकते," मी म्हटलं.

"होऊ शकते. माझी दोनदा झालीय, दोन्ही तारखा पाठ आहेत. आता तुझ्याकडे काय चुकू शकतं ते सांग."

"काही नाही."

हे मी खरंच म्हटलं. आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

बाई हसल्या. ते हसणं ओरडण्यापेक्षा वाईट होतं. "ठोके किती फेकतेस?" त्यांनी विचारलं.

आता हा प्रश्न ऑफिसात मला दोन वर्षांत कोणी विचारला नव्हता. पट्टा सरकतो, माणूस खोकतो, छाती खाजवतो, आणि यंत्राला नसलेला ठोका दिसतो किंवा असलेला दिसत नाही. त्यासाठी मी गाळणी लावली होती. एखादं अंतर आधीच्या अंतरापेक्षा वीस टक्क्यांहून जास्त वेगळं निघालं की तो कचरा समजायचा, फेकून द्यायचा आणि मधली जागा सरळ रेषेनं भरून काढायची. यात वावगं काही नाही, सगळे करतात. फक्त किती फेकले ते सांगायचं असतं. आमच्या पहिल्या अहवालात तो रकाना होताही. आमच्या विक्रीप्रमुखानं तो काढायला लावला. ऑफिसात त्याला सगळे गोडबोल्या म्हणतात, तोंडावरसुद्धा, आणि त्याला ते आवडतं. "अगं, लोक विचारतात फेकले म्हणजे काय, का फेकले. उगाच फाटे फुटतात," तो म्हणाला होता. मी रकाना काढला. कागदावर जागा झाली म्हणून तिथे हिरवा गोल जरा मोठा केला.

हे मी बाईंना सांगितलं नाही. "तो आमचा अंतर्गत भाग आहे," असं काहीतरी गुळमुळीत बोलले.

"माझ्या खोलीत यंत्रानं जे फेकलंय ते मी आधी उघडते," बाई म्हणाल्या. "चांगले ठोके काय, ते कुठे पळून जात नाहीत." आणि त्या गेल्या.

पुढच्या आठवड्यात परत आल्या. त्याच्या पुढच्या आठवड्यात परत. रखवालदार आता त्यांना खुर्ची द्यायचा. तिसऱ्या खेपेला मी डबा खात होते. त्या समोर येऊन बसल्या आणि त्या दिवशी मात्र आवाज चढवला नाही. वडील गेले तेव्हा दादा सोळा वर्षांचा होता आणि बाई नऊ. दादानं शाळा सोडली आणि डेपोत बस धुवायला लागला. पुढे ड्रायव्हर झाला. बहिणीला शिकवलं, हॉस्पिटलच्या कोर्सचा फॉर्म स्वतः रांगेत उभं राहून आणला. "मला या कामाला लावलं कोणी? त्यानं," बाई म्हणाल्या. "सत्तावीस वर्षं दुनियेची हृदयं वाचली मी. आणि याचंच मला वाचता येत नाही. संताप येतो गं. स्वतःचाच येतो."

"संमतीची सही आणा. मी दाखवते."

"देत नाही ना तो! चौदा महिने राहिलेत म्हणतो निवृत्तीला. लाल गोल आला तर भांडारात नटबोल्ट मोजायला बसवतील. आयुष्यभर काचेतून रस्ता बघितलाय, आता कपाटं बघत बसू का, असं विचारतो मला. मी म्हटलं, मेलास तर काय बघशील? तेव्हापासून बोलत नाही माझ्याशी."

आणि मग एका गुरुवारी दादा स्वतःच आला. उंच, हाडापेरानं मोठा माणूस, इस्त्रीचा खाकी शर्ट, चेहरा रागानं लाल. मागून बाई, त्याच्याहून लाल. सही देऊन हिचं तोंड एकदाचं बंद करायचं, एवढ्यासाठीच तो आला होता.

"मॅडम, काय तो आलेख हिला एकदा दाखवा," त्यानं संमतीचा कागद माझ्याकडे सरकवला. "घरी जेवण गोड लागू देत नाही. माझ्या बायकोलाही बिथरवून ठेवलंय. मशीन बरोबर आहे असं तुम्ही तोंडानं सांगा, म्हणजे मी सुटलो."

"दाखवते," मी म्हटलं. मलाही बाई एकदाच्या खोट्या पडायला हव्या होत्या.

शहाऐंशी सकाळींच्या नोंदी होत्या. बाईंनी एकही उघडू दिली नाही. "आधी फेकलेले," त्या म्हणाल्या. मी आकडे काढले. बहुतेक सकाळी चार, सहा, नऊ ठोके फेकलेले. खोकला, सरकलेला पट्टा. मग एका ओळीवर माझं बोट थांबलं. चारशे त्र्याऐंशी ठोक्यांपैकी एकशे एकाहत्तर फेकलेले. खाली अजून एक तशीच सकाळ. अजून एक. अशा सहा सकाळी निघाल्या.

"या सहा दिवसांचे गोल काढ," बाईंचा आवाज एकदम खाली आला होता.

सहाही हिरवे. नुसते हिरवे नव्हे, त्या माणसाचे तीन महिन्यांतले सर्वांत चांगले सहा आकडे. एरवी साठ-पासष्टच्या घरात असणारा माणूस त्या सकाळी एकदम नव्वदीत. बाईंनी आणलेला ब्याण्णवही त्यातलाच. का, ते मला लगेच कळलं. ठोके इतके वेडेवाकडे पडत होते की गाळणीनं तिसरा हिस्सा कचरा म्हणून फेकला. उरलेले दोन हिस्से वीस टक्क्यांच्या आत कसेबसे बसत होते, पण तेही वेडेवाकडेच होते. माझ्या गणिताला त्यात भरपूर चढउतार दिसला. चढउतार भरपूर म्हणजे माणूस ताजातवाना. दिली शाबासकी!

मी मूळ आलेख छापून दिला. बाईंनी कर्कटक काढलं आणि एका ठोक्यापासून दुसऱ्यापर्यंत चालवत नेलं. एकही अंतर दुसऱ्याशी जुळेना. मग त्यांनी प्रत्येक उंच टोकाच्या आधीची जागा दादाला दाखवली. "इथे एक छोटा उंचवटा असतो. वरचे कप्पे नीट आकसले की तो येतो. आहे का? बघ ना, आहे का?"

"नाही दिसत," दादा म्हणाला.

"कारण ते आकसतच नाहीयेत. नुसते थरथरतायत. रक्त आत तुंबतं, गाठ धरतं, आणि ती गाठ सुटली की सरळ मेंदूत. पन्नास माणसं मागे बसलेली असताना, दादा."

दादानं कागद स्वतःकडे ओढून घेतला. मग त्यानं तारखा विचारल्या. मी एकेक वाचून दाखवली. चौथी तारीख ऐकून त्यानं मान वर केली.

"त्या दिवशी पुलावर डावा हात गेला होता," तो म्हणाला. "म्हणजे, होता तिथेच, पण माझा वाटत नव्हता. दोन-तीन मिनिटं. उजव्या हातानं गाडी काढली. मग आला परत."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?" बाई ताडकन उठल्या. खुर्ची मागे पडली. "रोज संध्याकाळी मी तुला विचारत होते, काही होतंय का, काही होतंय का, आणि तू म्हणत होतास हिला वेड लागलंय!"

"त्या दिवशी सकाळी हिरवा होता गं," दादा म्हणाला. "मला वाटलं, हात अवघडला असेल. मशीनला काही असतं तर दिसलं असतं ना?"

बाई त्याला तिथूनच हॉस्पिटलात घेऊन गेल्या, आणि या वेळी हातात सहा आलेख असल्यामुळे कोणी बाऊ म्हणायची हिंमत केली नाही. रक्त पातळ करायची गोळी त्याच दिवशी सुरू झाली. डेपोनं त्याला भांडारात बसवलं. नटबोल्ट मोजत तो दोघींवरही चिडून असायचा, बहिणीवर आणि माझ्यावर, पण चिडायला जिवंत होता.

मी गोडबोल्याकडे गेले. रकाना परत आणायचा, डेपोंना आजच कळवायचं, आणि सगळ्या ड्रायव्हरांच्या जुन्या नोंदी पुन्हा तपासायच्या. त्यानं मला बसवलं, पाणी दिलं आणि खूप समजूतदारपणे ऐकून घेतलं. "अगदी बरोबर आहे तुझं," तो म्हणाला. "पुढच्या आवृत्तीत घेऊ. तीन महिन्यांत. आत्ता सांगितलं तर सगळे डेपो घाबरतील, आणि आपण कधी म्हटलंय का हे आजार शोधायचं यंत्र आहे म्हणून? तळटीप वाच की."

तळटीप होती. मुंगीएवढ्या अक्षरात होती, हिरव्या गोलाच्या खाली. मी पाण्याचा ग्लास टेबलावर इतक्या जोरात ठेवला की पाणी त्याच्या कागदांवर उडालं. त्याचा राग जितका आला तितकाच माझाही आला, कारण ती तळटीप कुठे बसवायची ते मीच ठरवलं होतं.

त्याला न विचारता मी एक हजार चाळीस ड्रायव्हरांच्या नोंदी पुन्हा तपासल्या. ज्यांच्या एखाद्या तरी सकाळी पाचव्या हिश्शाहून जास्त ठोके फेकले गेले होते, ते वेगळे काढले. प्रत्येकाचा आलेख डोळ्यांनी पाहिला. सरकलेल्या पट्ट्यांचे गाळले. एकोणीस नावं उरली. ती यादी मी डेपोच्या डॉक्टरांकडे दिली. त्यांच्या चेहऱ्याचा रंग उडाला. आपण रोज सह्या कशावर करत होतो, ते त्यांच्या ध्यानात आलं असावं. "आजच बोलावून घेऊ सगळ्यांना," ते म्हणाले. "पण विचारायचं काय, कसं, ते त्या बाईंना जास्त कळतं."

बाईंनी रजा टाकली. आम्ही तिघं तिकीट खिडकीमागच्या त्या खोलीत बसलो. भिंतीवर खुंट्यांना पट्टे ओळीनं लटकलेले, कोपऱ्यात यंत्र, टेबलावर डेपोचा जुना फोन. बाई एकेक नंबर फिरवत होत्या. घाबरवायचं नाही, पण आजच आलं पाहिजे असं सांगायचं. हे त्यांना छान जमत होतं. एकाला म्हणाल्या, "अहो, नाचायला बोलावत नाहीये, झोपून राहायचंय फक्त दहा मिनिटं." दुसऱ्यानं, मला काही झालेलं नाही असं सांगितल्यावर त्याला असं झापलं की तो अर्ध्या तासात हजर झाला.

सातव्या नावापुढे डेपोच्या वहीत 'दीर्घ रजा' एवढंच लिहिलं होतं. वय एकोणपन्नास. फोन त्याच्या बायकोनं उचलला. खोली लहान होती, त्यामुळे तिचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"ते बोलू शकत नाहीत," ती म्हणाली. "दोन महिने झाले. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. मेंदूत गाठ अडकली म्हणाले. तुम्ही डेपोतून बोलताय का?"

"हो," बाई म्हणाल्या. "डेपोतूनच."

"मग मला एक सांगाल? मी कधीपासून विचारतेय, कोणी उत्तरच देत नाही. त्या दिवशी सकाळी यांनी मला फोन करून सांगितलं होतं, आज पंच्याण्णव पडले म्हणून. इतके कधीच पडले नव्हते. खूश होते हो. तो कागद यांच्या खिशात सापडला, मी जपून ठेवलाय. हिरवा आहे. दुपारी हे पडले. मग सकाळी हिरवा कसा होता?"

बाईंनी यादीवरची ओळ पाहिली. त्या दिवसाची नोंद तिथे होती. चारशे एकोणनव्वदपैकी दोनशे चार. मला वाटलं, आता त्या काहीतरी सांगून वेळ मारून नेतील, डॉक्टरांना पुढे करतील, निदान थांबा म्हणतील. त्यांनी रिसीव्हर माझ्यासमोर धरला.

"घे," त्या म्हणाल्या. "ती तुला विचारतेय."

डॉक्टर खिडकीबाहेर बघायला लागले. फोनमधून ती बाई "हॅलो, हॅलो" म्हणत होती. मी रिसीव्हर घेतला आणि तिला सांगितलं की तो कागद मी बनवला होता.